मांगराच्या दारावरची पाटी

गेल्या महिन्यात एक तरुण माझ्याकडे येऊन गेला. अण्णांच्या लेखनावर तो प्रबंध लिहितो आहे. अण्णा म्हणजे माझे वडील. ज्या थोड्या वाचकांना ते ठाऊक आहेत, त्यांना ते ‘एकांतातले लेखक’ म्हणूनच ठाऊक आहेत. त्या तरुणानं फोन टेबलावर ठेवला, यात तुमचा आवाज भरला जाईल असं सांगितलं आणि विचारलं, “त्यांनी समाजापासून दूर जायचं का ठरवलं असेल?” मी म्हटलं, “ते मला माहीत नाही. पण रोज तीन वेळा त्यांचं जेवण घाटी चढून कोण नेत होतं, ते माहीत आहे.” तो गोड हसला आणि पुढच्या प्रश्नाकडे वळला. मुलगा भला होता, जाताना पायाही पडला. पण मी सांगितलेलं त्यानं कुठं टिपून घेतलं असेल असं मला वाटत नाही. तेव्हा आता मीच लिहायला बसले आहे. लिहून मोकळी होईन अशी काही आशा नाही. नुसतं डोळे शाबूत आहेत तोवर लिहून ठेवावं, एवढंच.

आमचं घर खाडीच्या काठी, आणि घराच्या मागून घाटी चढून गेलं की हापूसच्या कलमांची बाग. त्या बागेच्या टोकाला मांगर होता. गवत, टोपल्या, कुदळी ठेवायची एका खोलीची जागा, वर नळे, खाली शेणानं सारवलेली जमीन, आंब्याच्या दिवसांत राखण्याला झोपायला एक बाकडं. अण्णा मुंबईत एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम करत. त्यांची दोन पुस्तकं निघाली होती, नाव झालं होतं. मी नऊ वर्षांची असताना ते बोटीनं देवगडला उतरले, ट्रंक डोक्यावर घेतलेल्या गड्याच्या मागून चालत घरी आले, आणि आता इथंच राहणार म्हणाले. आमच्या घरात तेव्हा कोण आनंद झाला! आयेनं, म्हणजे माझ्या आईनं, घावणे केले, शेजारपाजाऱ्यांना बोलावून खायला घातले. आठ दिवस अण्णा घरात राहिले. नवव्या दिवशी त्यांनी ती ट्रंक स्वतः उचलली आणि मांगरात जाऊन दार लावून घेतलं. भाऊकाका, म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ, समजूत घालायला वर गेले. परत आले ते डोकं खाजवतच. “म्हणता, माणसां बोलाक लागली की माका काय एक आयकाक येणा नाय,” काका पडवीत बसून आयेला सांगत होते. “माणसां बोलतत तां आयकाक येणा नाय, मगे ह्येका आयकाचा तरी काय आसा?”

गावानं आपल्या परीनं अर्थ लावले. कुणी म्हणालं पिसो झालो, कुणी म्हणालं मुंबईत कुणी करणी केली. आयेनं दोन ठिकाणी नारळ ठेवले. मग हळूहळू सगळ्यांना सवय झाली, जशी सगळ्याचीच होते. सकाळी दहाला उकड्या तांदळाची पेज आणि खारातली कैरी, दुपारी भात आणि माशाचं सार, तिन्हीसांजेच्या आधी पिठीभात. आये पातेलं डोक्यावर घेऊन घाटी चढायची, मांगरासमोरच्या पाथरावर ठेवायची, एकदा खाकरायची आणि माघारी वळायची. ती कलमाआड दिसेनाशी झाली की दार उघडायचं. पावसात डोक्यावर इरलं आणि इरल्याखाली पातेलं, पायाखाली शेवाळलेली पायरी. एकदा घसरून तिचं कोपर फुटलं, तरी सार सांडलं नव्हतं, याचं तिला कौतुक. मला गोवर आला तेव्हा मी माजघरात तापानं बडबडत होते आणि ती माझ्या कपाळावरची पट्टी काकीच्या हातात देऊन वर गेली. आधी वर, मग मी. मी ते विसरले नाही. आज अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीसुद्धा लिहिताना माझे दात एकमेकांवर बसतात, यावरून तुम्ही काय ते समजा.

बोलायचं नाही तर निरोप कसा द्यायचा? त्यासाठी पाटी होती. माझीच दुसरीतली, एक कोपरा उडालेली, लाकडी चौकटीला सुंभाची दोरी बांधलेली. अण्णा तिच्यावर पेन्सिलीनं लिहून ती दारावरच्या खिळ्याला अडकवत. आयेला अक्षरओळख नव्हती. लेखकाची बायको, पण तिला त्याचं नावही वाचता येत नव्हतं. ती पाटी दोन्ही हातांनी आडवी धरून, लुगड्याला घासू न देता, घाटी उतरायची आणि पडवीत माझ्यासमोर धरायची. “वाच गो शाले, काय म्हणतत ते?” पाटीवर शुद्ध पुस्तकी मराठीत लिहिलेलं असे: शाई संपली. दिव्यात तेल नाही. आज भात नको. मी ते तिला आमच्या बोलीत सांगायची, “शाई व्हयी म्हणतत.” की ती लगेच कामाला लागायची. पाटी पुसायची, वर जाऊन खिळ्याला अडकवायची. पुसलेली कोरी पाटी परत दारावर आली म्हणजे निरोप पोचला, काम होणार, असा त्या दोघांचा ठराव कधी न बोलता ठरून गेला होता. सहा वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता. आणि सहा वर्षांत त्या पाटीवर वस्तूंची नावं आली, माणसाचं कधी आलं नाही. माझंही नाही. मी रोज पहिल्यांदा तेच बघायची.

मुंबई-पुण्याकडून अधूनमधून कुणी वाचक येत. अण्णा दार उघडत नसत. मग ते पडवीत बसत, आये त्यांना तळलेला बांगडा आणि सोलकढी वाढायची, आणि ते बोटं चाटत एकांत, साधना, त्याग यांच्यावर बोलायचे. एकानं पुढं लेख लिहिला. काकांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. त्यात कलमांची बाग होती, खाडी होती, मावळता सूर्य होता, मांगराचं बंद दार होतं. आये शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकत होती. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, “सोलकढी बरी होती, असा काय लिवलेला नाय?” आम्ही सगळे हसलो. आता त्यातलं हसू कुठं गेलं कोण जाणे.

मी पंधरा संपून सोळाव्यात होते त्या साली गावपळण आली. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे काही गावांत दर तीनचार वर्षांनी देवाचा कौल घेतात, आणि कौल झाला की सगळा गाव तीन दिवसांसाठी वेशीबाहेर निघून जातो. चुली विझवायच्या, दारं ओढून घ्यायची, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं, सगळ्यांना घेऊन बाहेर. त्या तीन दिवसांत गाव देवाचा आणि त्याच्या गणांचा. तिथं माणसाचा श्वास राहता कामा नये. आम्ही खाडीपलीकडच्या माळावर झावळांच्या खोपी घालून राहत असू. मोठ्यांना तो देवाचा वचक होता, पण आम्हां पोरींना ती खरी सुटी. झाडणं नाही, सारवणं नाही. सगळी वाडी एका जागी, एकीच्या चुलीवरचं दुसरीच्या पानात, दिवसभर फुगड्या आणि गाणी.

मागच्या गावपळणीला अण्णा सगळ्यांच्या आधी, पहाटेच, कुणाच्या दृष्टीस न पडता एकटे वेशीबाहेर गेले होते आणि वरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, कुठंतरी राहून परत आले होते. यंदाही तसंच करतील, असं सगळ्यांनी धरलं होतं. मी मात्र वेगळाच हिशेब करत होते. तीन दिवस घाटी नाही. तीन दिवस पातेलं नाही. आये माझ्याजवळ बसणार, माझ्याबरोबर जेवणार, माझी वेणी घालणार. मला तीन दिवस आई हवी होती. एवढीच गोष्ट, पण मी तिच्यासाठी महिनाभर दिवस मोजत होते.

निघायच्या दिवशी सकाळी आये पेज घेऊन वर गेली आणि लवकर परत आली. हातात पाटी होती. “आज पाथरार कालचा पातेला तसाच आसा, जेवलेले नाय दिसत,” ती म्हणाली. “वाच बघूया.” मी हातातलं कोंबड्यांचं खुराडं खाली ठेवलं आणि वाचलं. अक्षरं नेहमीसारखी सरळ नव्हती, खाली उतरत गेली होती. लिहिलं होतं: ताप आहे. चालवत नाही. तिला थांब म्हणावे.

एवढ्या तीन ओळी. मी त्या वाचल्या, आणि आधी काय मनात आलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहायला तर बसले आहे. मनात आलं, आजच? सहा वर्षं कुणी नको होतं आणि नेमकं आज? मला ठाऊक होतं, आयेला हे कळलं तर ती देवाला, गावाला, कुणालाही न जुमानता पातेलं घेऊन वर जाईल. मग काकांचा देवळातला मान जाईल, गाव आम्हाला बोल लावील, हेही मनात आलं असेल. निदान मी पुढं अनेक वर्षं स्वतःला तसंच सांगत आले. पण ते खरं नाही. खरं हे, की ती पुन्हा वर जाणार होती आणि मी पुन्हा खाली राहणार होते.

“काय म्हणतत गो?” आयेनं विचारलं.

“तुमी फुडे जावा म्हणतत,” मी म्हणाले. “ते मिठबावाक जातले. मामाकडे.”

मिठबाव आयेचं माहेर. ते माझ्या तोंडून कसं आलं, मला आजही सांगता येत नाही. खोटं बोलताना माणूस समोरच्याला आवडेल तेच बोलतो, तसं झालं असेल. आये पाटीकडे बघतच राहिली. “मिठबावाक? माज्या भावाकडे? असा लिवल्यानी तेंनी?” तिनं त्या अक्षरांवर, टेकवल्या न टेकवल्यासारखं, बोट फिरवलं. “खंय लिवला मिठबाव? दाखय बघूया.”

मी ‘चालवत नाही’वर बोट ठेवलं.

तिचा चेहरा मी तसा कधीच बघितला नव्हता. लग्नाच्या फोटोतसुद्धा ती तशी दिसत नाही. “मगे मी आता वर जावचंय नाय. माका बघून ते लाजतले, निगाचे रवतले,” ती म्हणाली. “तूच पाटी पुसून ठेवन ये.” मी घाटी चढले. वाटेत परकराच्या टोकानं पाटी पुसली. मांगराच्या दाराशी गेले तेव्हा आतून खोकल्याचा आवाज आला, मग बाकड्याची करकर. बाहेर कुणीतरी आलंय हे आत कळलं होतं. मी हाक मारू शकले असते. दार ढकलू शकले असते, त्याला आतून कडीसुद्धा धड लागत नव्हती. मी कोरी पाटी खिळ्याला अडकवली आणि धावत खाली आले. निरोप पोचला, काम होणार.

दुपारी देवळात नगारा वाजला आणि गाव निघाला. होडीत आये माझ्या शेजारी बसली होती, मांडीवर कोंबड्यांचं खुराडं, आणि जी बाई भेटेल तिला सांगत होती, “आमचे मिठबावाक गेले. भावाकडे. तेंनीच लिवन कळवल्यानी.” बायका तोंडात बोटं घालत होत्या. खोप घातल्यावर तिनं माझी वेणी घातली. आम्ही दोघी एका पानात जेवलो. गोलम्याचं, म्हणजे बारीक सुकवलेल्या कोळंबीचं, सुकं आणि भात. ती मला घास देत होती, सोळा वर्षांच्या घोडीला. मी महिनाभर जे मागत होते ते सगळं मिळालं, आणि एकही घास धड गिळवेना. खाडीपलीकडे आमची वाडी दिसत होती, वरच्या अंगाला कलमांचा काळपट पट्टा. कुठल्याच घरातून धूर नाही. गावात एरवी किती आवाज असतात, ते एकदम थांबल्याशिवाय कळत नाही. घण नाही, गुरांच्या गळ्यातली घंटा नाही, पोरांची रड नाही. त्या शांततेकडे मी कान लावून बसायची. आये म्हणायची, “काय बघतंस गो थय? हय बघ, गाणी म्हणतत.”

दुसऱ्या दिवशी मी होडीवाल्या तारीकडे गेले. त्याला म्हटलं, घरी माझं एक पुस्तक राहिलंय, जरा पलीकडे सोड. त्यानं होडी वाळूवर उपडी घातली होती आणि तिच्या सावलीत विडी ओढत होता. “पुस्तक?” तो म्हणाला. “बापाशीसारख्याच पिसा तुजाव? चल, जा, आवशीकडे जावन बस.” पोहून जाईन असं मनात येऊन मी गुडघ्याएवढ्या पाण्यात गेलेही. मग दोनचार बायकांनी हाका मारल्या आणि मी परत फिरले. खरं तर भरती नव्हती. मी जाऊ शकले असते, असं आज वाटतं. तेव्हा पाय उचलला नाही, एवढं खरं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मानकरी कौल घ्यायला निघाले. त्या दिवशी फक्त मानकऱ्यांनी गावात शिरायचं, सरळ देवळात जायचं, देवाला गाऱ्हाणं घालायचं, पाषाणाला लावलेली फुलं पडतात कशी ते बघायचं आणि आल्या वाटेनं परत यायचं. कुणाच्या दाराकडे बघायचं नाही, थांबायचं नाही. काका अंघोळ करून ओलेत्यानं उभे होते. मी त्यांना बाजूला घेतलं आणि एका दमात सगळं सांगितलं. त्यांच्या अंगावरून पाणी निथळत होतं.

“आज सांगतंस?” ते म्हणाले. “तीन दीस झाले. आज सांगतंस माका?” मग इकडेतिकडे बघून हलक्या आवाजात, “तुज्या आवशीक सांगा नको. मी बघतंय.”

ते गेले आणि दुपारी परत आले. आधी बातमी आली ती कौलाची. डाव्या अंगाचं फूल पडलं होतं. देवानं परतायला नकार दिला. आणखी एक दिवस माळावर. पोरं आनंदानं ओरडली. मी काकांना शोधत गेले तर ते खोपींच्या मागं एकटेच बसले होते. “घाटीच्या पायथ्याक गेलंय,” ते म्हणाले, “बाकीचे फुडे जायसर. हाक मारलंय तेका. ओ देवक नाय.”

“किती येळा मारलास हाक?”

“एकदाच,” काका म्हणाले. “भिलंय गो मी. सगळो गाव सुनसान. दुसरी हाक तोंडातसून भायरच पडाना.” एवढा गावचा मानकरी माणूस, रडवेला होऊन माझी, एका पोरीची, समजूत काढायला लागला. म्हणाला, निजलो आसतलो, आयकाक गेला नसात. मी मान हलवली. आम्ही दोघं तिथं बसून राहिलो, आणि समोर माझी आई बायकांच्या घोळक्यात मामाच्या घरचं वर्णन करत होती, आंगण केवढं, विहिरीचं पाणी कसं गोड. त्या दिवसाइतकी हतबल मी पुढं आयुष्यात झाले नाही, आणि पुढं काय थोडे प्रसंग आले का?

चौथ्या दिवशी उजवं फूल पडलं. पहिल्या होडीतून उतरून मी धावत सुटले. मांगराचं दार उघडं होतं. अण्णा उंबऱ्यावर बसले होते, खांद्यावर घोंगडी, दाढी वाढलेली, ओठ फुटलेले. आत घडा आडवा पडला होता आणि पोह्यांचा डबा रिकामा होता. पाटी त्यांच्या मांडीवर होती. मी अडकवली होती तशीच, कोरी. मी म्हटलं, “अण्णा.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी पाटीकडे आणि माझ्याकडे असं दोनदा बघितलं, आणि त्यांना सगळं समजलं हे मला समजलं.

मागून आये धापा टाकत आली. एवढ्या वर्षांत ती प्रथमच त्यांना दिवसाउजेडी समोरासमोर बघत होती. पदर सावरायचीही तिला शुद्ध नव्हती. “कदी इलास? आणि ह्या काय, आंगात ताप आसा! असो ताप घेवन मिठबावासून चलत इलास?” तिनं त्यांच्या कपाळाला हात लावला, त्यांनी लावू दिला. “आमची माणसां कशी आसत? दादा बरो आसा?”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी डोळे खाली घातले. सहा वर्षांत आयेशी ते पहिल्यांदा बोलले, ते हे.

“बरी आसत,” ते म्हणाले. “सगळी बरी आसत.”

अण्णा त्या तापातून उठले आणि पुन्हा दार लागलं. पेज, भात, पिठी, पातेलं, पाटी. मी वाचायची, आयेला सांगायची. मला वाटलं, मिटलं. मग शिमग्याला आये मिठबावला गेली. चार दिवसांसाठी गेली होती, दुसऱ्याच दिवशी परत आली. मी खळ्यात तांदूळ पाखडत होते. तिनं माझ्याकडे बघितलं, पाय धुतले आणि स्वयंपाकघरात गेली. मी वाट बघत राहिले. मारील, केस धरून ओढील, निदान विचारील. तिनं काही विचारलं नाही. संध्याकाळी ती पाटी घेऊन घाटी उतरली. मी सवयीनं हात पुढं केला. ती माझ्यासमोरून पुढं गेली, काकांच्या बाजूला, आणि म्हणाली, “भावोजीनू, येवढा वाचा बघूया.” माझा हात तसाच पुढं राहिला. तो मागं घ्यायचा असतो हेही मला पटकन सुचलं नाही.

काही दिवसांनी मी तिच्या मागून लपत वर गेले. तिनं पातेलं ठेवलं, खाकरली, आणि वळली नाही. दाराशी जाऊन म्हणाली, “माका आता कोणाकडसून वाचून घेवचा नाय. रोज एक अक्षर घाला. मी शिकतलंय.” मग दार हातभर उघडलं, पाटी आत गेली आणि बाहेर आली. तिच्यावर भलामोठा ‘अ’ होता. आये तो दोन्ही हातांनी धरून माझ्या शेजारून गेली. मी कलमाच्या खोडाला चिकटून उभी होते. तिनं मला बघितलं असणार.

त्यानंतर दोन वर्षं मी त्या घरात होते. चुलीपुढं बसून आये राखेत बोटानं अक्षरं गिरवायची. माझ्याशी ती वाईट वागली असं मी म्हणणार नाही. माझ्या लग्नात रडली, माझ्या बाळंतपणांना आली. त्या तीन ओळींबद्दल मात्र आम्ही दोघी कधीच बोललो नाही. सुरुवात तिनं करावी म्हणून मी थांबले, आणि कदाचित तीही थांबली असेल.

अण्णांचं शेवटचं पुस्तक ते गेल्याच्या आधल्या वर्षी निघालं. त्यात रिकाम्या गावात तापानं पडलेल्या माणसाचं एक प्रकरण आहे. तो प्रबंधवाला तरुण म्हणत होता की मराठीत असं एकाकीपण दुसऱ्या कुणी लिहिलेलं नाही, काय कल्पनाशक्ती. मी ते प्रकरण एकदाच वाचलं. त्यातल्या माणसाला तिसऱ्या दिवशी खालून आपल्या नावानं हाक ऐकू येते. तो ओ द्यायला तोंड उघडतो आणि थांबतो. कारण आमच्याकडे लहानपणापासून सांगतात, माणूस असेल तर तीनदा हाक मारील. एकदाच मारतो तो माणूस नव्हे, त्याला ओ द्यायची नसते. तो दुसऱ्या हाकेची वाट बघत राहतो. काका तोवर वारले होते, हे एक बरं झालं. त्या प्रकरणात दारावरची पाटी आहे, पण ती पुसणारी मुलगी नाही. मला वाचवण्यासाठी वगळलं की मी त्यांच्या लेखी तिथं नव्हतेच, ते मला कधी कळणार नाही.

अण्णा गेल्याची तार आली तेव्हा मी मुंबईत होते. पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आये पडवीत बसली होती, मांडीवर पाटी घेऊन. पाटी पुसलेली होती, पण ओल्या फडक्यानं नव्हे, नुसत्या हातानं, त्यामुळं अक्षरांचा पांढुरका धूसर डाग तसाच होता. एकदोन काने दिसत होते, एक वेलांटी. मी शेजारी बसले. विचारलं, “आये, शेवटाक काय लिवलेला होता?”

तिनं पाटी पदराखाली घेतली. आवाजात राग नव्हता. एखाद्या परक्या पोरीला समजावून सांगावं तसं ती म्हणाली, “तां माका लिवलेला होता गो.”